शेतकऱ्यांच्या मागण्या एकमेकींना छेद का देतात?

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन नागपूरच्या वेशीवर आले आणि वर्धा रस्त्यावर ठाण मांडून बसले. मुख्य मागणी कर्जमाफीची होती. ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ, असं आश्वासन सरकारने दिलं. त्याच्या पाच वर्षं आधी, २६ नोव्हेंबर २०२० पासून, पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या सीमांवर वर्षभर बसून होते. त्यांना शेतमालाच्या खासगी व्यापाराला मोकळीक देणारे तीन कृषी कायदे रद्द करून हवे होते. सरकारी खरेदी आणि बाजार समित्या टिकायला हव्या होत्या. आणि नेमक्या त्याच काळात महाराष्ट्रातल्या शेतकरी संघटनेचा एक गट त्याच कायद्यांची बाजू मांडत होता, कारण सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढून घ्यावा ही त्यांची जुनी मागणी.

बातम्या पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो तो इथेच. एक शेतकरी म्हणतो, सरकारने माझा माल घ्यावा. दुसरा म्हणतो, सरकारने माझ्या वाटेला जाऊ नये. तिसरा म्हणतो, आधी कर्ज माफ करा. मग जेवणाच्या ताटावर वाक्य येतं, "यांना नेमकं हवंय तरी काय?" हे बऱ्याचदा वैतागून विचारलं जातं, पण प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी "शेतकरी" हा शब्दच उघडून पाहावा लागेल.

## एकाच उंबऱ्याच्या आत

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २०१९ मध्ये शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न निघालं १०,२१८ रुपये. त्यातले पिकातून आलेले ३,७९८, जनावरांपासून १,५८२ आणि मजुरी किंवा पगारातून आलेले ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीतून जास्त पैसा येतो. निम्म्या कुटुंबांच्या डोक्यावर कर्ज होतं.

याचं कारण जमिनीच्या आकारात आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं होतं, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. देशातली ८६ टक्के खाती दोन हेक्टरच्या आतली. सव्वातीन एकर कोरडवाहू जमिनीवर वर्षभर घर चालत नाही. मग मुलगा एमआयडीसीत जातो, बाई दुसऱ्याच्या निंदणीला जाते, गोठ्यात दोन गाई असतात.

असं कुटुंब एकाच वेळी माल विकणारं, किराणा विकत घेणारं, मजुरी करणारं, कर्ज फेडणारं आणि थोडी जमीन सांभाळणारं असतं. या भूमिका घरातल्या घरात भांडतात. मजुरी वाढली की निंदणीला जाणाऱ्या बाईचा फायदा, पण काढणीला माणसं लावताना त्याच घराचा तोटा. मक्याला भाव आला की मक्याचं शेत हसतं आणि गोठा रडतो, कारण पशुखाद्य महाग होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनला दुर्मीळ तेजी होती. त्या वेळी केंद्राने कोंबड्यांच्या खाद्यात लागणारी १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. मागणी पोल्ट्रीवाल्यांची होती. त्यांतले बरेचसे गावातलेच, शेडसाठी कर्ज काढलेले. सोयाबीन उत्पादकाचं नुकसान झालं, कोंबडीवाल्याचा जीव वाचला. दोघेही शेतकरीच.

## पीक बदललं की राजकारण बदलतं

पंजाबात पिकणारा गहू आणि भात मोठ्या प्रमाणात सरकारच विकत घेतं. तिथल्या शेतकऱ्यासाठी सरकार हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ते गिऱ्हाईक उद्या दुकान बंद करेल अशी शंका आली, तर माणूस थंडीत रस्त्यावर बसणारच. नाशिकच्या कांदेवाल्याचा अनुभव बरोबर उलटा. सरकार त्याच्या बाजारात येतं ते बहुतेक वेळा भाव पाडायला. त्यामुळे त्याला सरकार जितकं लांब, तितकं बरं वाटतं. विचारसरणीच्या गप्पा पुष्कळ होतात, पण दोघांच्या शेतात काय उगवतं हे पाहिलं तर अर्धं कोडं सुटतं.

ऊसवाल्याची तऱ्हा तिसरीच. त्याच्या मालाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे. त्याला एफआरपी म्हणतात. ऊस कारखान्यात गेल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधन कारखान्यावर असतं. पण सहकारी कारखान्यात तोच शेतकरी सभासद असतो, तोच संचालक मंडळाला मतं देतो आणि तोच थकलेल्या बिलासाठी गेटवर बसतो. तुमचा घरमालक, तुमचा साहेब आणि तुमचा आमदार ही एकच व्यक्ती असेल, तर भाडं आणि पगार यांवरून भांडायचं किती, हा प्रश्न पडतो. ऊस पट्ट्यातलं राजकारण या पेचावर उभं आहे.

आणि काहींच्या बाबतीत प्रश्न भावापर्यंत पोचतच नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेला लाँग मार्च आठवा. त्यात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते. ज्या वनजमिनीवर ते पिढ्यान् पिढ्या नांगर फिरवतात, ती २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे नावावर व्हावी, ही त्यांची कळीची मागणी. दहावीच्या परीक्षा चालू होत्या. मुलांना अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्री चालले आणि पहाटे आझाद मैदानात पोचले. पायाला फोड आलेले, चपला तुटलेल्या. हमीभाव वाढला काय आणि घटला काय, ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याची रांग त्याच्या फार आधी सुरू होते.

## हमीभाव: थांब्यावरची पाटी

आता सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यात कमी समजलेला शब्द. हमीभाव, म्हणजे किमान आधारभूत किंमत. केंद्र सरकार कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून २२ पिकांसाठी तो जाहीर करतं. हा आयोग १९६५ मध्ये स्थापन झाला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता, तुरीचा ८,०००, मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,७१०.

"हमी" या शब्दामुळे गैरसमज होतो. व्यापाऱ्याने त्याच्याखाली माल घेऊ नये, असं कोणताही केंद्रीय कायदा सांगत नाही. हमीभाव म्हणजे बसथांब्यावरची पाटी. पाटी लावली म्हणून बस येत नाही. बस म्हणजे सरकारी खरेदी. पंजाबात भाताच्या थांब्यावर बस वेळेवर येते. लातूर किंवा वाशीमच्या सोयाबीनच्या थांब्यावर ती कधी येते, कधी भरलेली असते, कधी मधल्या मधे वळते. २०१५ मध्ये शांताकुमार समितीने अहवाल दिला, त्यानुसार देशातले जेमतेम सहा टक्के शेतकरी हमीभावाने सरकारला माल विकू शकत होते.

बस हुकते कशी, तेही पाहा. सोयाबीनची मळणी झाली की दिवाळी तोंडावर असते, दुकानदाराची खताची उधारी असते आणि रब्बीचं बियाणं घ्यायचं असतं. खरेदी केंद्रावर आधी नोंदणी, मग मोबाइलवर निरोपाची वाट. निरोप आला की पोती घेऊन जायचं, तिथे ओलावा मोजणारं यंत्र. नियम १२ टक्क्यांचा. परतीचा पाऊस झालेल्या वर्षी दाण्यात तेवढा कोरडेपणा कुठून आणायचा? २०२४ च्या नोव्हेंबरात ही मर्यादा १५ टक्क्यांवर नेली, पण तोवर बऱ्याच जणांनी माल विकून टाकला होता. मग केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, संपतो आणि "चार दिवसांनी या" असं ऐकावं लागतं. चार दिवस ट्रॅक्टरचं भाडं कोण भरणार? माणूस गाडी वळवतो आणि खासगी आडतीवर मिळेल त्या भावाला माल ओततो.

म्हणून "हमीभावाचा कायदा करा" या मागणीचा साधा अर्थ असा की पाटीवर लिहिलंय ते खरं करा.

## दीडपट, पण कशाच्या?

राजकीय भाषणांत "खर्चाच्या दीडपट" हे शब्द हमखास येतात. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगाने २००४ ते २००६ या काळात पाच अहवाल दिले. उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के वाढवून हमीभाव असावा, ही त्यातली शिफारस. २०१८ च्या अर्थसंकल्पात सरकारने दीडपट देत असल्याचं सांगितलं. शेतकरी नेते म्हणतात, दिलं नाही. दोघांचे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. फरक "खर्च" या शब्दात आहे.

समजा एखाद्याची चहाची गाडी आहे, स्वतःच्या मालकीच्या गाळ्यात. दूध, साखर, गॅस हा खिशातून जाणारा खर्च. तो आणि त्याची बायको दिवसभर राबतात, त्या श्रमाची किंमत धरली तर खर्च वाढतो. सरकार इथपर्यंत मोजतं आणि त्यावर दीडपट देतं. सोयाबीनचं २०२५-२६ चं गणित पाहा: खर्च ३,५५२ रुपये, त्याची दीडपट ५,३२८. पण गाळा भाड्याने दिला असता तर भाडं आलं असतं, गुंतवलेल्या पैशावर व्याज मिळालं असतं. हेही खर्चात धरा, असं आंदोलकांचं म्हणणं. पहिल्या मोजणीला ए-टू अधिक एफएल म्हणतात, दुसऱ्या व्यापक मोजणीला सी-टू. कोणताही उद्योजक जागेचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरल्याशिवाय किंमत ठरवत नाही. त्यामुळे शेतकऱ्याचा हा आग्रह मला अवाजवी वाटत नाही.

## "सगळा माल सरकारने घ्यायचा म्हणजे तिजोरी रिकामी?"

हा आक्षेप खोडून टाकण्यासारखा नाही. महाराष्ट्राला तर त्याचा घरचा अनुभव आहे. १९७२ मध्ये राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. राज्यातला सगळा कापूस सरकारच घेणार, दुसऱ्याला विकायचा नाही. शेजारच्या राज्यात भाव चढा असला की शेतकऱ्याला स्वतःचा कापूस चोरासारखा सीमेपलीकडे न्यावा लागायचा. बाजार पडला की तोटा सरकारी खात्यात साचायचा. शेवटी योजना गुंडाळावी लागली.

कायदेशीर हमी म्हणजे प्रत्येक पोतं सरकारी गोदामात, असं मात्र नाही. बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक थेट खात्यात देण्याचा प्रयोग मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये केला. त्यालाही खोट होती. सरकार फरक देणार हे कळल्यावर व्यापाऱ्यांनी भाव आणखी पाडल्याच्या तक्रारी झाल्या. एक सोपं, बिनखर्चाचं उत्तर कुणाकडेच नाही. पण हा सगळा वाद ज्या गृहीतकावर चालतो, की सरकार शेतकऱ्याला देणारं आहे आणि प्रश्न फक्त किती द्यायचं एवढाच आहे, ते गृहीतकच तपासायला हवं. त्यासाठी कांद्याकडे जाऊ.

## ७ डिसेंबर २०२३ ची रात्र

कांदा हमीभावाच्या यादीत नाही. त्याचा भाव लासलगाव, पिंपळगाव, चांदवडच्या आवारात उघड लिलावात ठरतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरात टनाला किमान ८०० डॉलरची अट आली. आणि ७ डिसेंबरच्या रात्री अधिसूचना निघाली, निर्यात पूर्ण बंद.

माझे मामा चांदवड तालुक्यात कांदा करतात. त्या आठवड्यात त्यांचा लाल कांदा काढून झाला होता. मजूर बायांनी पात कापून शेतातच कांद्याचे ढीग घातले होते आणि थंडी-दवापासून जपायला मामीने वरून पात अंथरली होती. लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांतला फरक शहरात सहसा कुणाला ठाऊक नसतो. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, भरून पाच-सहा महिने ठेवता येतो, भाव नसेल तर थांबता येतं. लाल कांद्याला ते जमत नाही. त्यात पाणी जास्त. काही आठवड्यांत कोंब येतात, नाहीतर सडतो. म्हणजे डिसेंबरातल्या बंदीत शेतकऱ्याला "थांबतो" म्हणायचीही सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी लिलाव बंद पडले, चांदवडला महामार्ग अडला. पुढच्या दोन आठवड्यांत भाव जवळपास निम्म्यावर आले. मामांनी त्या वेळची हिशोबपट्टी ठेवून दिली आहे. वजन, भाव, वजा हमाली, वजा तोलाई, खाली हातात पडलेली रक्कम. त्यांनी ती मला एकदा दाखवली आणि काही न बोलता परत घडी घातली.

"त्यांचा कांदा थोडाच परदेशी जात होता?" असं कुणी म्हणेल. गेला नसेलही. पण लिलावात ट्रॉलीभोवती पाच जण बोली लावत असतील आणि त्यातला निर्यातदार निघून गेला, तर उरलेल्या चौघांना वर चढायची गरज राहत नाही. शुल्काचंही तसंच. समजा परदेशातलं गिऱ्हाईक किलोला ३५ रुपये द्यायला तयार आहे. ४० टक्के शुल्क असेल तर २५ रुपयांच्या मालावर १० रुपये शुल्क, झाले ३५. म्हणजे निर्यातदार बंदरावरच्या मालाला २५ च्या वर जाऊच शकत नाही. त्यातून वाहतूक, पोती, निवड वजा. शुल्क कागदावर व्यापारी भरतो, पण कापलं जातं ते ट्रॉलीतून.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, ४० टक्के शुल्क मात्र लागलं. सप्टेंबरात ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. दीड वर्षात नियम इतक्यांदा हलले. कबड्डीचा डाव रंगात असताना पंचाने मधली रेषा सरकवावी, तशातला हा प्रकार. कांदा लावताना जो नियम असतो तो काढताना नसतो.

हे कांद्यापुरतं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ झालं आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. विदर्भ-मराठवाड्यातली वेचणी त्याच महिन्यांत असते.

## सरकार असं का वागतं?

दुष्टपणाने नाही. कारण गणित सरळ आहे. कांदा महागला की तो देशातल्या प्रत्येक घराला एकाच दिवशी कळतो. १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याच्या भावाने सत्ताधाऱ्यांना कसं पाडलं हे कुठलाही पक्ष विसरलेला नाही. शिवाय २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के वर-खाली, ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. अन्नधान्याची महागाई आवरायचा सगळ्यात झटपट उपाय निर्यातबंदी. एक अधिसूचना काढायची. तिजोरीतून एक रुपया जात नाही.

इथेच सगळ्या विषयाची गाठ आहे, असं मला वाटतं. शेतकऱ्याला दिलेलं प्रत्येक अनुदान अर्थसंकल्पात आकड्यासकट छापलं जातं. भाव पाडून त्याच्याकडून जे घेतलं जातं, ते कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी यासाठी "उणे सबसिडी" हा शब्द मराठीत रुजवला. आयुष्यभर त्यांची मांडणी हीच होती की दारिद्र्याचं कारण शेतात नसून भावाच्या धोरणात आहे. नुसत्या घोषणेची ही गोष्ट नव्हती. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेने २०१८ मध्ये भारताचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१६ या काळात खतं, वीज, पाणी यांवरची अनुदानं जमेला धरूनही भारतीय शेतकऱ्याचं ढोबळ उत्पन्न धोरणांमुळे सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी कमी झालं, असं त्यात निघालं.

"मग शहरातल्या गरिबाने महाग कांदा खायचा का?" नाही. स्वस्त अन्न ही गरज खरी आहे. भूमिहीन मजूरही अन्न विकतच घेतो. पण ते स्वस्त ठेवायचा खर्च सगळ्या समाजाने तिजोरीतून उचलावा. चांदवडच्या तीन एकरवाल्याने एकट्याने का उचलावा?

## मग कर्जमाफीच का मागतात?

कारण वरचं नुकसान शेवटी कर्जाच्या रूपातच घरात येतं. भाव पडला, पीककर्ज थकलं, मार्चमध्ये "नवं-जुनं" करून तेच कर्ज पुढे ढकललं, पुढच्या वर्षी पाऊस गेला. गळक्या छपराखाली ठेवलेली बादली भरून वाहायला लागली की ती रिकामी करावीच लागते. कर्जमाफी म्हणजे बादली रिकामी करणं. ते अनाठायी नाही. फक्त छप्पर तसंच गळत राहतं. केंद्राने २००८ मध्ये बादली रिकामी केली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत. २०२५ मध्ये शेतकरी पुन्हा रस्त्यावर.

कर्जमाफीचे तोटेही स्पष्ट बोलायला हवेत. ज्याने दागिने मोडून हप्ता भरला तो कोरडा राहतो. ज्याचं कर्ज सावकाराचं, त्याला काही मिळत नाही, आणि सगळ्यात गरीब शेतकरी बहुधा सावकाराकडेच असतो. निवडणुकीत आश्वासन दिलं की लोक हप्ता थांबवतात, निर्णय लांबतो, खातं थकबाकीत जातं आणि बँक नवं पीककर्ज देत नाही. मग पेरणीला पुन्हा सावकार.

तरी पक्षांना ती आवडते, कारण कर्जमाफी दिसते. लाभार्थ्यांची यादी असते, रक्कम असते, तारीख असते. "आम्ही पाच वर्षं निर्यातीचा नियम बदलणार नाही" या वचनाचा फोटो काढता येत नाही. माझ्या मते शेतकऱ्याची सगळ्यात मोलाची मागणी तीच आहे, आणि ती कुठल्याही जाहीरनाम्यात ठळक अक्षरांत आढळत नाही.

## "आयकर नाही, खत स्वस्त, वर खात्यात पैसे. अजून काय?"

हे रागाने बोललं जातं, म्हणून शांतपणे पाहू. शेती उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरं. सव्वातीन एकरवाल्याचं उत्पन्न आयकराच्या मर्यादेच्या कैक पटींनी खालीच आहे. सवलतीचा खरा फायदा मोठ्या बागायतदारांना आणि शेतीच्या नावाखाली दुसरं उत्पन्न दाखवणाऱ्यांना. त्यांच्यावर कर लावायला छोट्या शेतकऱ्याचा विरोध असण्याचं कारण नाही. दुसरीकडे तो औषधं, पाइप, अवजारं यांवर जीएसटी भरतो. कारखानदार भरलेला जीएसटी पुढे वळता करून घेतो. शेतकऱ्याला ती सोय नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५००. कांद्याच्या एका ट्रॉलीवर क्विंटलमागे हजार रुपये पडले, तर वीस क्विंटलला वीस हजार. पुढची तीनेक वर्षं खात्यात येणारे पैसे एका सकाळी गेले.

## मागायचं कुणाकडे?

घटनेप्रमाणे शेती आणि बाजार समित्या राज्याच्या सूचीत. आयात-निर्यात आणि हमीभाव केंद्राकडे. अन्नपदार्थांचा व्यापार समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांकडे. शेतकरी निवेदन देतो तहसीलदाराला, मोर्चा काढतो मुंबईला किंवा नागपूरला, आणि भाव पाडणारा निर्णय झालेला असतो दिल्लीत. मुंबईतला मंत्री म्हणतो पाठपुरावा करतो. दिल्लीतला म्हणतो बाजार राज्याचा विषय. दोघेही खोटं बोलत नसतात.

## संख्या एवढी मोठी, मग एकगठ्ठा मत का पडत नाही?

कधी कधी पडतं. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत विद्यमान केंद्रीय राज्यमंत्री हरल्या, जिंकले एक शिक्षक. कांदा हे त्यामागचं मोठं कारण, यावर बहुतेकांचं एकमत झालं. पण सहा महिन्यांनी विधानसभेला त्याच पट्ट्यात चित्र उलटलं. मधल्या काळात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत झाली होती आणि लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये घरोघरी येऊ लागले होते. याला कुणी मतं विकणं म्हणतं, ते मला पटत नाही. जिच्या हातात कांद्याच्या पट्टीतला रुपया कधी आलाच नाही, तिच्या खात्यात पहिल्यांदा तिच्या नावाने पैसे आले. तिने त्याला किंमत दिली.

जात, भावकी, कारखाना, सोसायटी ही ओढ वेगळीच. शरद जोशींच्या सभांना लाखांनी लोक यायचे. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला तेव्हा मतं तशी आली नाहीत. त्यात आणखी एक अडचण संख्येचीच आहे. युरोपात शेतकरी मूठभर उरले आहेत, त्यामुळे ते लवकर एकत्र येतात आणि त्यांना सांभाळायचा खर्च बाकीच्या समाजावर थोडा-थोडा विखुरतो. आपल्याकडे उलट. कोट्यवधी छोटे शेतकरी, वेगवेगळी पिकं, वेगवेगळे हंगाम. ऊसवाल्याचं बिल थकतं तेव्हा कांदेवाला लिलावात गुंतलेला असतो.

## जिचं नाव सातबाऱ्यावर नाही

शेतकऱ्यांचं हित म्हणताना आपण ज्याला समोर धरतो तो बहुतेक वेळा पुरुष असतो आणि जमीन त्याच्या नावावर असते. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा आपणहून बायकोच्या नावावर केला. आंदोलनाने स्वतःच्या घरात डोकावून पाहिल्याची ही विरळा गोष्ट. पण ती मोहीम थांबली आणि सरकारी व्यवस्था सातबाऱ्यापाशीच राहिली. पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई, आत्महत्याग्रस्त कुटुंबाची मदत, सगळीकडे पहिला प्रश्न नावाचा. दुसऱ्याची जमीन बटाईने, म्हणजे वाट्याने, करणारा तिथे अडतो. बाई तिथे अडते.

आता योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. गावात त्याची नोंदणी सुरू झाली तेव्हा मामा-मामी दोघं मिळून केंद्रावर गेले. संगणकावरच्या मुलाने विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?" मामांचा क्रमांक थोड्या वेळात निघाला. "मामी, तुमचं नाही होणार, तुमच्या नावावर काही नाही," असं तो अदबीने म्हणाला. मामीने आधार कार्ड परत पिशवीत ठेवलं आणि मामांचं काम आटपेपर्यंत ती बाहेर ओट्यावर बसून राहिली.